वरचे सतरा

९ जानेवारी

मुंगीस,

मामाचे आशीर्वाद. फोन करायचा मोह आवरून पत्र लिहितोय. ऑफिसच्या गोष्टी फोनवर नकोत, ईमेलवर तर मुळीच नकोत, तुमच्याकडे सगळं तपासतात, हे तूच मला बजावलं आहेस. अक्षर लावून वाच. सत्तरी उलटलेल्या हाताला एवढी सूट दे.

काल तुमच्या लिलावाच्या वेबसाइटवर माझं नाक कापलं गेलं. ते दोन किल्ल्यांचं पितळी कुलूप मी नव्वद हजारांपर्यंत नेलं होतं. वर्णन तूच लिहिलं असणार, ‘वापराच्या खुणा सौम्य’ ही भाषा तुझीच. बाजारात त्याला कुणी तीस हजार देणार नाही हे मला कळतं. कड्या-कोयंड्यांच्या धंद्यात चाळीस वर्षं घातली आहेत, कुलपाची किंमत मला कुणी शिकवायला नको. सहा वाजायला काही सेकंद असताना एक्केचाळीस नंबरच्या बोलीदाराने आकडा टाकला, नव्वद हजार सतरा. मी हातातला कप तसाच धरून बसून राहिलो आणि वाढवून मिळालेली दोन मिनिटंही संपली.

सतरा. आठवतंय का तुला? मी आणि गप्प्या, आमचं पहिलं दुकान, बंद पडलेल्या कारखान्यांचे लिलाव. माणूस घरून निघतानाच मनाशी गोल आकडा ठरवून येतो आणि तिथे थांबतो. त्याच्यावर एक लावला तर तो चिडून आणखी एक लावतो. सतरा लावले की त्याला वाटतं, हा पक्का हिशेब करून आलाय, आणि तो माघार घेतो. ही युक्ती गप्प्याची. जगात तिघांनाच माहीत आहे, त्याला, मला आणि तुला.

सव्वीस वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. कारण तुला मामीने तिखटमीठ लावून सांगितलंच असेल. शेजारचा गाळा मी त्याला न विचारता माझ्या एकट्याच्या नावावर घेतला. त्याने साधं भांडणसुद्धा केलं नाही, तेच मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी आपला वाटा उचलून निघून गेला. मी पुढे कारखाना काढला, त्याने किल्ल्या करून द्यायचं छोटंसं दुकान. आता एवढ्या बोल्या लावायला पैसा कुठून आणतो म्हणशील, तर मुलगा मोठ्या हुद्द्यावर आहे असं कानावर आलंय.

मला एवढंच सांग, एक्केचाळीस म्हणजे तोच ना?

तुझा मामा


१६ जानेवारी

मामा,

नमस्कार. तुम्ही विचारलंत ते मला सांगता येत नाही. बोली कोण लावतं आणि वस्तू कुणाची आहे, या दोन गोष्टी आमच्याकडे घरच्या माणसालाही सांगायच्या नसतात. नोकरी जाते.

पण दुसरं काहीतरी सांगते. लिलाव सात दिवस चालतो. पहिले सहा दिवस वस्तूकडे कुत्रंही बघत नाही. मग कुणीतरी एक बोली लावतो, आणि तेवढ्याने दुसऱ्याला ती वस्तू हवीशी वाटायला लागते. शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की आम्ही वेळ आणखी दोन मिनिटं वाढवतो, म्हणजे डोकं थंड होण्याआधी परत संधी. आणि तुमच्या पुढे कुणी गेलं की पडद्यावर तांबड्या अक्षरांत येतं, ‘तुमची वस्तू दुसऱ्याकडे जात आहे.’ पूर्वी तिथे ‘ही वस्तू’ असं होतं. ‘तुमची’ मी सुचवलं. त्यावर मला बढती मिळाली.

आमच्याकडे येणारे बहुतेक लोक तुमच्यासारखेच आहेत. वस्तूची खरी किंमत त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळते. गरिबाला खिसा थांबवतो. ज्याला खिसा थांबवत नाही त्याला थांबवायला दुसरं काही नसतं. तो शेवटी वस्तू घेत नसतो, समोरच्याला ती मिळू देत नसतो.

म्हणून हात जोडून सांगते, एक्केचाळीसच्या नादी लागू नका.

तुमची मुंगी


२ फेब्रुवारी

मुंगीस,

‘नादी लागू नका’ म्हणालीस, त्यातच मला उत्तर मिळालं. परका असता तर तू असं कशाला लिहिलं असतंस? तोच आहे. तुझी नोकरी शाबूत राहो, तू काही सांगितलेलं नाहीस.

आता ऐक. माझं नशीब बघ, पंधरा दिवसांत अगदी तसंच दुसरं कुलूप आलं. त्या पहिल्याचं जुळं भावंडच. यावेळी मी चहा-बिहा बाजूला ठेवून बसलो. तो सतरा लावतोय, मी सतरा लावतोय. एक्क्याण्णव हजार सतरा, ब्याण्णव हजार सतरा. एक लाख झाले तेव्हा मला हसूच फुटलं. सव्वीस वर्षांनी आम्ही दोघं असे समोरासमोर बसलो होतो. शेवटी दीड लाख सतराला तो थांबला.

मामी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, दीड लाखाचं कुलूप लावण्यासारखं आपल्या घरात आहे तरी काय?

कुलूप काल आलं. तुमच्या त्या पारदर्शक डब्यात, प्रमाणपत्रासकट, सील करून. मी ते काचेच्या कपाटात ठेवलंय. मामी म्हणते उघडून तर बघ, किल्ल्या दिल्यात ना सोबत. तिला समजावलं की सील तोडलं की किंमत निम्मी होते. त्यावर तिने जे तोंड केलं ते पत्रात लिहिता येत नाही.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडचं एक लोखंडी कुलूपही घेतलं. त्यालाही त्याने दमवलं मला. पण खरं सांगू का, ज्या दिवशी लिलाव असतो त्या दिवशी मी सकाळपासून माणसात असतो.

तुझा मामा


११ फेब्रुवारी

मामा,

लांबलचक लिहायला वेळ नाही. एकच म्हणणं आहे. तुम्ही त्यांना जाऊन भेटा. लिलाव बाजूला ठेवा. गाडीने दोन तासांचा रस्ता आहे, सकाळी निघालात तर संध्याकाळी परत. याच आठवड्यात जा. मी का म्हणते ते विचारू नका.

तुमची मुंगी


२० फेब्रुवारी

मुंगीस,

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. माझ्या पैशाची काळजी करणारी तू एकटीच. मामीला काळजी नसते, तिला राग असतो.

जाणार आहे. मलाही जायचंच आहे. पण रिकाम्या हाताने कसा जाऊ? सव्वीस वर्षांनी दार वाजवून ‘सहज आलो’ म्हणू? तो बोलणार नाहीच, नुसता बघत बसेल, आणि मी आपला गाळ्याची गोष्ट काढून बडबडत सुटेन. चूक माझी होती, हे मला म्हणायचं आहे, पण हरलेल्या माणसासारखं नाही म्हणायचं.

तुमच्या यादीत वीस मार्चला चार किल्ल्यांचं कुलूप आहे. असं कुलूप मिळवायला आम्ही दोघांनी दुकानाच्या दिवसांत जंग जंग पछाडलं होतं आणि कधी मिळालं नव्हतं. तो त्यावर तुटून पडणार. मी ते घेणार, त्याच्यासमोर टेबलावर ठेवणार आणि म्हणणार, हे तुझं, आता तरी बोल. म्हणजे जिंकलो मी आणि दिलंही मीच.

इतकी वर्षं थांबलोय, आणखी महिनाभराने काही बिघडत नाही. पूर्वी थंडीत त्याची छाती भरायची, तेव्हा मला धाकधूक असायची. आता ती नाही. ऐन सहाच्या ठोक्याला अचूक आकडा टाकतो, म्हणजे गडी ठणठणीत आहे, हात स्थिर, डोळे शाबूत.

तुझा मामा


२८ मार्च

मामा,

तुम्हाला ते कुलूप मिळालं, अभिनंदन. चार लाख साठ हजार सतरा ही आमच्याकडची कुलपातली सर्वांत मोठी बोली आहे. ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तपासणी, सील, प्रमाणपत्र यांत तीन आठवडे जातील. भेटीला जायची आता घाई नको. ऊन कडक आहे, तुम्हाला प्रवास झेपायचा नाही. नंतर बघू.

माझं बरं चाललंय. कामातून मान वर काढता येत नाही.

तुमची मुंगी


२४ एप्रिल

मुंगीस,

हे पत्र नीट बसून वाच.

परवा अडगळीच्या कपाटाचं कुलूप मोडलं. मामीने काही न विचारता माझ्या काचेच्या कपाटातून ते दीड लाखाचं काढलं, कात्रीने सील कापलं आणि तिकडे लावायला घेतलं. मी तिच्या अंगावर ओरडत गेलो. तिने शांतपणे किल्ली फिरवली, दांडी उघडली आणि म्हणाली, इथे काहीतरी कोरलेलं आहे बघा.

कुलूप बंद असलं की दांडीचं टोक पोटात असतं, बाहेरून दिसत नाही. आमच्या दुकानाची पद्धत होती. कुलूप घेतलं की त्या टोकावर सुईने तारीख कोरायची आणि शेजारी कानशीने खाचा पाडायच्या. एकट्याच्या पैशातून घेतलं तर एक खाच, दोघांचं सामाईक असेल तर दोन. मी चष्मा लावून पाहिलं. अक्षर गप्प्याचं, सात तो उलटा काढतो. तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची. खाचा दोन.

मी लोखंडी कुलपाचं सील तोडलं, चार किल्ल्यांच्या कुलपाचं तोडलं. तारखा वेगवेगळ्या, सगळ्या भांडणानंतरच्या. चार किल्ल्यांचं त्याने अकरा वर्षांपूर्वी कुठेतरी मिळवलं होतं. प्रत्येकावर दोन खाचा. सव्वीस वर्षं तो माणूस स्वतःच्या पैशाने कुलपं घेत होता आणि माझी खाच पाडत होता.

आणि माणूस स्वतःचीच कुलपं स्वतः कशाला विकत घेईल? हे डोक्यात आलं तसा मी गाडी काढायला लावली.

गप्प्याच्या घराचं दार वहिनींनी उघडलं. मला ओळखलं आणि म्हणाल्या, फार उशीर केलात, बारा मार्चला गेले. मी समोर दिसली त्या खुर्चीत बसलो. मला पाणी दिलं. मीच त्यांना धीर द्यायला हवा होता.

तो आठ महिने अंथरुणावर होता. छातीचंच. औषधपाण्यासाठी मुलाने कुलपं विकायला काढली. मुलगा मोठ्या हुद्द्यावर वगैरे नाही, बापाच्याच दुकानात किल्ल्या करतो. लिलावाच्या दिवशी तो मोबाइल बापासमोर धरायचा. सतरा दिसले तेव्हा गप्प्या अंथरुणात उठून बसला. वहिनी म्हणाल्या, महिन्याभरात पहिल्यांदा हसले. म्हणाले, तो आहे. कुलूप हातात पडलं की तो आधी उघडून बघतो, खाचा दिसल्या की येईल.

पलंगाजवळ एक खुर्ची ठेवायला लावली. शेवटपर्यंत कुणाला त्या खुर्चीवर बसू दिलं नाही. मी ज्या खुर्चीत बसलो होतो ती तीच, हे मला उठताना कळलं.

दोन कुलपं फेब्रुवारीपासून माझ्या कपाटात होती. किल्ल्यांसकट.

निघताना वहिनींनी मला एक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “बोली लावणारे दोघंही वर सतरा लावत होते. ते सारखे म्हणायचे, एक तर तो आहे, मग दुसरा कोण? तुम्हाला माहीत आहे का हो, दुसरा कोण होता?”

मी नाही म्हणालो. आता तुला विचारतो. नियम सांगू नकोस.

मामा


३ मे

मामा,

चार वेळा लिहून फाडलं. आता जे लिहीन ते तसंच पाकिटात घालते.

दुसरं कुणी नव्हतं. एक्केचाळीस हा आमच्या कंपनीचाच नंबर आहे. बोली हलत नसली की तिकडून हलवतात. गेल्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत मी साहेबांना तुमची आणि त्यांची सतराची गोष्ट सांगितली होती, नुसती हसवायला. साहेब हसले आणि त्यांनी ती लक्षात ठेवली. तुमचं नाव बोलीदारांत दिसलं त्या दिवसापासून एक्केचाळीस सतरा लावायला लागला.

पहिलं कुलूप विकलंच गेलं नव्हतं. जुळं वगैरे काही नाही, तेच कुलूप दुसऱ्या बाजूने फोटो काढून परत लावलं. वर्णन मीच बदललं.

कुलपं कुणाची आहेत ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांच्या मुलाची पत्रं माझ्याच टेबलावर यायची. वडील अंथरुणावर आहेत, लवकर विका, असं तो लिहायचा. फेब्रुवारीत त्याने लिहिलं की डॉक्टरांनी आशा सोडली आहे. तेव्हा मी तुम्हाला जायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एक्केचाळीसचंही सांगावं लागलं असतं, आणि माझं बिंग फुटलं असतं.

ते गेल्याचं मला चौदा तारखेला कळलं. तुमचा लिलाव वीसला होता. त्या दिवशी साहेब रजेवर होते आणि एक्केचाळीसवर मी बसले होते. तुम्ही तीन लाखांवर रेंगाळलात. मी तिथे थांबू शकले असते. मी सतरा लावले. मग परत लावले. मी स्वतःशी म्हणत होते की मामा किती आनंदात आहेत, त्यांचा आनंद कशाला हिरावून घ्या, आणि पैसे शेवटी त्यांच्याच मित्राच्या घरी जातायत. पण खरं कारण ते नव्हतं. आकडा चढत होता आणि मला तो आणखी चढवायचा होता. पडद्यापलीकडे तुम्ही आहात हे मी विसरले होते असं लिहिलं तर तेही खोटं होईल.

राजीनामा दिला, असं इथे लिहिणार होते. दिलेला नाही. देईन की नाही माहीत नाही.

तुम्ही तक्रार केलीत तर मी जे आहे ते सांगेन. माफी कुठल्या तोंडाने मागू?

मुंगी


१५ मे

पत्र पोचलं.

तक्रार करणार नाही. तुझ्यासाठी नव्हे. तक्रारीत कारण लिहावं लागतं. एवढा धंद्यातला माणूस, तीस हजारांच्या वस्तूला दीड लाख का देत होता, असं कुणीतरी समोर बसून विचारणार, आणि मला उत्तर द्यावं लागणार. तुझ्या साहेबाला हे पक्कं माहीत असणार. माझ्यासारखे तुमच्याकडे किती असतील आणि सगळे मूग गिळून घरी बसले असतील.

उत्तर मला आता येतं, ते तुला लिहितो, कारण आणखी कुणाला लिहिण्यासारखं नाही. मला तो हरलेला बघायचा होता आणि मला तो परतही हवा होता. या दोन्हीसाठी चप्पल घालून घराबाहेर पडावं लागत नव्हतं. आपल्या खोलीत बसून एक आकडा टाकला की झालं. समोरच्या दारात उभं राहून ‘चुकलो’ म्हणायला जे लागतं ते माझ्याकडे नव्हतं. पैसे होते, ते दिले. तुम्ही ते घेतलेत.

म्हणून सगळं तुझ्या माथी मारत नाही. दोन तासांचा रस्ता सव्वीस वर्षं तिथेच होता, तो काही तू अडवला नव्हतास. पण फेब्रुवारीत तो जिवंत होता, मुंगी. एक ओळ पुरली असती. ‘ते आजारी आहेत.’ तीन शब्द. मी त्याच दिवशी निघालो असतो, आकडा अर्धवट टाकून निघालो असतो. तुझ्या त्या तीन शब्दांची किंमत मला कुठल्याही लिलावात मोजता आली असती, आणि तू ते माझ्यासमोर आणलेच नाहीस.

कुलपं घेऊन परत वहिनींकडे गेलो होतो. त्यांनी घेतली नाहीत. विकलेली वस्तू परत घेत नाही म्हणाल्या, आणि मुलगा गिऱ्हाइकाची किल्ली घासत होता त्याने मान वर केली नाही. दुसरा कोण होता हे त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, कुणी अनोळखी असेल. तुझं नाव मी तिथे घेऊ शकलो नाही.

मामी रोज विचारते, मुंगी सुट्टीत कधी येणार. तिला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तिचा तुझ्यावर जीव आहे, तिच्यापासून मी तुला तोडणार नाही. तेव्हा नेहमीसारखी ये. तिच्याशी गप्पा मार, जेव, चार दिवस राहा.

माझ्या खोलीत येऊ नकोस.

मामा